वहिनीचे पाय कोणी धरले

काठी मैदेईनेच आडवी ठेवली. तो मान बहिणीचा, त्यामुळे दुसऱ्या कोणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. थोरल्या भावाची, जायरोसची ती गाठीची काठी मुठीपाशी त्याच्या तळहाताने काळी कुळकुळीत झाली होती. झाडून लख्ख केलेल्या अंगणात ती ठेवायला वाकताना मैदेईचे गुडघे कुरकुरले. सत्तरी जवळ आली होती तिची. एवढं एक पाऊल पडलं की सुटलो सगळे, असं मनाशी म्हणत ती उठली आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसली.

जायरोस तावेंग्वाला जाऊन वर्ष झालं होतं. रात्रभर ढोल वाजले, पहाटे सगळं खानदान थडग्यापाशी गेलं, नाचणीची दारू मातीवर ओतली आणि 'चल घरी, लेकराबाळांकडे लक्ष ठेव' म्हणून त्याला हाक मारली. आता तो रानात भटकणारा राहिला नव्हता, घरचा झाला होता. राहिलं होतं ते बायकोचं, एरिनाचं. काळे कपडे उतरवायच्या आधी विधवेने नवऱ्याची काठी ओलांडायची, ही आमच्या गुटू भागातली रीत. वर्षभरात परपुरुषाला जवळ केलं नसेल तर ती सरळ पलीकडे जाते, बायका किलकाऱ्या मारतात आणि घर तिचं राहतं. केलं असेल तर मेलेला तिला ओलांडू देत नाही. मग तिने गाठोडं बांधायचं आणि माहेरची वाट धरायची.

"कोणी तिचा हात धरायचा नाही," टोबायस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मैदेईचा हा पाठचा भाऊ. जायरोसच्या मागे आता घरात शब्द त्याचा.

स्वयंपाकाच्या गोल झोपडीतून एरिना बाहेर आली. तिच्या मागे तिची मुलगी नेत्साई, ग्वेरूच्या शाळेत शिकवणारी, दोन्ही हात पुढे करून पण आईला न शिवता येत होती. महिनाभर या पोरीने आत्याच्या मागे टुमणं लावलं होतं की विधी पुढे ढकला, आईला धड चालता येत नाही. मैदेईने ऐकलं नव्हतं. नाचणी भिजत घातली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते, आणि एका पावलाला असं कितीसं चालावं लागतं!

पण आज भर उन्हात, सगळ्यांच्या देखत ती चाल मैदेईला पहिल्यांदा नीट दिसली. एरिनाचे पाय एकमेकांपासून फाकलेले होते आणि तळवे जमीन सोडतच नव्हते. ती पाऊल टाकत नव्हती, ढकलत होती. वीतभर पुढे, मग थांब, मग परत वीतभर. झाडलेल्या मातीत तिच्या मागे दोन लांब चर उठत गेले. काठीपाशी येऊन ती उभी राहिली आणि राहिलीच. कमरेपासून वरचं अंग पुढे झुकलं, गुडघे थरथरले, पाय मात्र जागचे हलले नाहीत. जणू खालून कोणी घोटे धरले होते.

फिनियास तिथेच बसला होता, जायरोसचा कोट अंगात घालून आणि त्याची टोपी डोक्यावर चढवून. हा या घराचा पिढीजात मैतर. मयताच्या घरातही थट्टा करायचा आणि मेलेल्याची नक्कल करायचा हक्क आमच्याकडे अशा मैतराचाच असतो. सकाळपासून त्याने जायरोसचा खोकला, जायरोसचं तंबाखू मागणं हुबेहूब करून लोकांना हसवलं होतं. आताही सवयीने तो जायरोसच्या आवाजात म्हणाला, "काय गं, सोडू का?"

चार जण हसले. एरिनाने मान वळवली आणि त्याच्याकडे बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "सोडा ना पाय. सगळे बघतायत."

हसू जिथल्या तिथे विरलं. फिनियासने टोपी काढून मांडीखाली दाबली. मग कोणाचं तरी लक्ष खाली गेलं. एरिनाच्या काळ्या झग्याखालून ओघळ निघाला होता आणि काठीपर्यंत जाऊन थांबला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

एका म्हातारीने तोंडावर हात घेतला. "धरलंय गं बाई तिला त्याने," असं ती शेजारणीला म्हणाली, आणि ते सगळ्या रांगेने ऐकलं.

---

बैठक मोठ्या विटांच्या घराच्या ओट्यावर बसली. ऑगस्टचा वारा धूळ उडवत होता. दारू पिऊन झालेली मडकी उपडी पडली होती, आणि मघाशी गात असलेली माणसं आता एकमेकांची नजर चुकवत होती. टोबायस वाईट माणूस नव्हता. भाऊ गेला तेव्हा चार दिवस त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पण रीत म्हणजे रीत, आणि रीत सांगत होती की वहिनीने त्या माणसाचं नाव सांगावं आणि बुहेराला माहेरी जावं. चर्चचा एक माणूस दर महिन्याला तेल-साखर घेऊन यायचा, तो का यायचा, हेही त्याने विचारून घेतलं. या विटांच्या घरात आपला मुलगा लग्न करून राहील, हे मात्र तो बोलला नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

नेत्साई पुरुषांसमोर रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, ओंजळीने टाळी वाजवली आणि मग जे बोलायला लागली ते थांबेना. आईची चाल दोन वर्षांपासून बिघडली आहे, म्हणाली. बाबा जिवंत असतानाच ती दारात अडखळायची, वळायला लागली की जागच्या जागी दहा पावलं टाकायची. तेव्हा कोणी पाय धरले होते? मग हळूहळू कपडे ओले व्हायला लागले, मग चुलीवरचं भांडं विसरायला लागली. सगळे म्हणाले म्हातारपण आहे, मग म्हणाले दुःख आहे. गेल्या महिन्यात ती आईला गुपचूप हरारेला घेऊन गेली होती.

"काळ्या कपड्यात?" मैदेईने विचारलं. विधी होईपर्यंत विधवेने असं दूर जायचं नसतं.

"हो आत्या, काळ्या कपड्यात," नेत्साई म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून विचारलं नाही."

तिने पिशवीतून एक काळी फिल्म काढली आणि उन्हासमोर धरली. एरिनाचं डोकं होतं ते, वरून काप घेतल्यासारखं. मधोमध दोन मोठे काळे पंख पसरले होते. त्या जागा मुळात चिरेएवढ्या बारीक असतात, नेत्साई सांगत होती. मेंदूत रोज थोडं पाणी तयार होतं आणि मुरून जातं, आईचं मुरत नाही, साठतं, आणि आतून मेंदूला रेटतं. पायांना हुकूम देणाऱ्या नसा त्या पंखांच्या अगदी कडेने जातात. म्हणून आधी पाय जातात, मग लघवी, मग आठवण. डॉक्टरीण म्हणाली होती की पाठीतून थोडं पाणी काढून बघू. पाय सुधारले तर रोग हाच, आणि हा रोग बरा होण्यातला आहे.

मैदेईला त्या फिल्मकडे बघवेना. पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या डोक्याच्या आतलं अंगण आपण असं सगळ्यांसोबत बघतोय, हे तिला काही बरं वाटलं नाही.

टोबायसने फिल्म हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग शांतपणे म्हणाला, "भरलं असेल पाणी. मी कुठे नाही म्हणतो? पण तिच्याच डोक्यात का भरलं? माझ्या का नाही?"

हे नेत्साईने डॉक्टरणीलाही विचारलं होतं. बऱ्याच म्हाताऱ्यांत कारण सापडतच नाही, असं तिने सांगितलं होतं. पण पोरीने ते खरंखुरं सांगून टाकलं आणि ओट्यावरच्या माना एकदम हलल्या. बघा, कारण सापडत नाही. मघाशी तिच्याकडे झुकलेले दोन चुलतभाऊसुद्धा टोबायसच्या बाजूला सरकून बसले. शेवटी ठरलं की मैदेईने आत जावं आणि एकटीने वहिनीशी बोलावं. असली गोष्ट नणंदेनेच काढून घ्यायची असते.

---

झोपडीत गार होतं. एरिना डाव्या बाजूला बायकांच्या चटईवर बसली होती, कोणीतरी तिचे कपडे बदलले होते. मातीच्या फळीवर मडकी मांडून ठेवली होती. याच फळीसमोर वर्षापूर्वी जायरोसला निजवलं होतं.

"वन्सं, जेवलात का?" एरिनाने विचारलं.

मैदेई म्हणाली, जेवले. मग ती जवळ सरकली, वहिनीचा हात हातात घेतला आणि विचारलं की कोण आहे तो. सांगून टाक, मी सांभाळून घेईन. एरिना तिच्याकडे प्रेमाने बघत राहिली आणि पुन्हा विचारलं, वन्सं जेवलात का. एरिनाने तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा मैदेईचा धीर सुटत चालला होता.

"वहिनी, माझ्या भावाने तुझे पाय धरले. का धरले?"

"रोज धरतात," एरिना म्हणाली. "संध्याकाळी येऊन बसतात इथे. एकटं वाटतं म्हणतात." मग ती मैदेईच्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण तुमचे यजमान दारातच का उभे आहेत? आत बोलवा ना. बोटाला काय झालं त्यांच्या? एक बोटच नाही."

ती वळली नाही. वळायची छातीच झाली नाही तिची.

तिचा नवरा सायमन एकतीस वर्षांपूर्वी शाबानीच्या खाणीत मेला होता. मरायच्या तीन आठवडे आधी यंत्रात त्याचं बोट गेलं होतं. ते मैदेईने पाहिलं होतं, खाणीच्या दवाखान्यातल्या नर्सने पाहिलं होतं, बस. पेटी बंदच आली होती आणि बंदच पुरली होती. माहेरी ही गोष्ट तिने कधी काढली नव्हती, कारण त्या वर्षाबद्दल ती काहीच काढत नसे.

आणि का काढत नसे, ते आता इथे सांगून टाकलेलं बरं. त्या वर्षी गावात पिठाची गिरणी चालवणारा एक माणूस होता, लाजाळू आणि हसरा. मैदेई अडतीस वर्षांची होती. मका दळायला जायची ती गिरणी बंद झाल्यावरही थांबायची. वर्ष सरलं तेव्हा सासरच्यांनी आपल्या गावी, चिवीला, सायमनची काठी आडवी ठेवली, आणि ती भीत भीत पुढे गेली आणि टुणकन ओलांडून गेली. किलकाऱ्या झाल्या, सासूने गळ्यात पडून रडून घेतलं. पण ओलांडताना डाव्या टाचेला हिसका बसला होता. बसलाच होता, तिची खात्री होती. गिरणीवाल्याला त्यानंतर तिने कधी तोंड दाखवलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत ती पाय पांघरुणाबाहेर काढून झोपली नव्हती, आणि दाराकडे पाठ करून बसायची वेळ आली की जागा बदलून घ्यायची. आज ती दाराकडे पाठ करून बसली होती.

"वन्सं," एरिना हळूच म्हणाली, "तुमचे यजमान म्हणतायत, मग मी का नाही धरलं?"

मैदेई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उतरला होता की टोबायसला वाटलं, नाव मिळालं. तो उठून उभाच राहिला. पण मैदेई म्हणाली की वहिनी कुठल्या शुद्धीत नाही, अशा बाईचा होकारही खरा नाही आणि नकारही. तिला हरारेला न्यायचं. पाणी काढायचं. काठी आहे तिथेच राहील. वरून टोपली पालथी घालायची आणि शेळ्या दूर ठेवायच्या. पुढच्या रविवारी सगळ्यांनी परत यायचं.

टोबायस म्हणाला, अशी रीत नाही.

"काठी मी ठेवलीय, मीच उचलणार," मैदेई म्हणाली. "तोवर जो तिला हात लावेल त्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

तिला वाटत होतं की आपण वहिनीसाठी बोलतोय. खरं तर तिला कसंही करून त्या दारापासून लांब जायचं होतं.

---

हरारेतली डॉक्टर झिंदोगा वयाने नेत्साईपेक्षाही लहान होती आणि फार भराभर बोलायची. तिने आधी एरिनाला वऱ्हांड्यात चालवलं. इथून त्या खिडकीपर्यंत, आणि परत. मैदेईने पावलं मोजली: चौतीस. वळायलाच नऊ लागली. मग एरिनाला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या मणक्यांत सुई घातली. मैदेईला वाटलं होतं गढूळ काही येईल, काळं, वास मारणारं. आलं ते झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ. अर्धा कप चहाएवढं असेल. ही एवढीशी गोष्ट माणसाला जमिनीला चिकटवून ठेवते, आणि आपण तिला मेलेल्याचं नाव देतो. तिला डॉक्टरणीचं बोलणं पटत होतं आणि पटत नव्हतं, दोन्ही.

संध्याकाळी काही फरक नव्हता. नेत्साई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी एरिना कोणी न सांगता पलंगावरून उतरली आणि आपली आपण संडासाकडे गेली. वेळेवर. डॉक्टरणीने पुन्हा वऱ्हांड्यात चालवलं: एकोणीस पावलं, वळायला चार. तळवे जमीन सोडत होते. टाच आधी टेकत होती.

मन मात्र हळूहळू उघडलं, दुपारपर्यंत. एरिनाने जेवणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं, हा मक्याच्या पिठाचा साद्झा आहे की खळ, म्हणाली. मग मैदेईकडे निरखून बघत म्हणाली, "वन्सं, किती वाळलात तुम्ही." वर्षभराने कोणीतरी परगावाहून आल्यासारखी ती बघत होती. मैदेईला हुंदका आवरेना.

रडून झाल्यावर तिने विचारलं. सायमनला तू कुठे पाहिलं होतंस गं, शेवटी शेवटी?

"मी? छे. लग्नातलेच आठवतात मला ते."

"त्याचं बोट..."

"काय बोट? दहा बोटं होती की धडधाकट," एरिना म्हणाली. झोपडीतलं तिला काहीच आठवत नव्हतं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. संध्याकाळ झाली होती. "हे आज आले नाहीत," ती म्हणाली.

जायच्या आधी डॉक्टरणीने नेत्साई आणि आत्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. हा उपचार नाही, ही नुसती परीक्षा होती. काढलेलं पाणी काही दिवसांत परत भरेल आणि पाय पुन्हा धरतील. कायमचं बरं करायचं तर डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालावी लागेल, म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप पोटात उतरून जिरेल. तीन आठवड्यांनी तारीख दिली. चालणं बहुतेक सुधारेल, आठवणीची तिने खात्री दिली नाही. दोन वर्षं फुकट घालवलीत, आता आणखी घालवू नका. आणि ऑपरेशननंतर काही महिने तिच्याजवळ दिवसरात्र एक माणूस हवं, स्वतःचं घर हवं, पडली तर उचलायला कोणी हवं.

नेत्साई ग्वेरूला एका खोलीत तीन मुलं घेऊन राहत होती. बुहेराचे भाऊ केव्हाच मेले होते, भाचे ओळखही दाखवत नव्हते. बसमध्ये मैदेई हाच हिशोब करत होती: रविवारपर्यंत हे पाय टिकायला हवेत. एक पाऊल. एकदा काठी ओलांडली की घर वहिनीचं, मग नळी, मग सगळं.

---

रविवारी अंगण पुन्हा भरलं. टोपली उचलली तर काठीवर वाळवीने मातीचा थर चढवला होता. आठवड्याभरात ती काठी जमिनीतून उगवल्यासारखी झाली होती. मैदेईने ती सोडवली, खरडून साफ केली आणि परत आडवी ठेवली. फिनियासने आज कोट घातला नव्हता.

एरिना झोपडीतून निघाली आणि चालत आली. साधी म्हातारी बाई चालते तशी, थोडी फेंगडी, पण चालत. रांगेतून सुस्कारा उठला. टोबायसच्या चेहऱ्यावरचा ताणसुद्धा सैल झाला. तो पुढे झुकून जवळजवळ मायेने म्हणाला, "ये वहिनी. ओलांड, आणि मिटवून टाक एकदाचं."

एरिना काठीपाशी येऊन थांबली. तिने डावा पाय उचलला, चांगला गुडघ्याएवढा, सगळ्यांना दिसेल असा. आणि परत होता तिथेच ठेवला.

"उचलता येतो," ती म्हणाली. "पण ओलांडणार नाही. गेल्या रविवारी याच पायांवरून तुम्ही मला बाहेरख्याली ठरवलंत. आज त्यांच्यावरूनच शुद्ध ठरवणार? अर्धा कप पाणी काढलं तर मी पतिव्रता झाले होय?"

नेत्साईने आईच्या पायांवर लोटांगणच घातलं. एक पाऊल, आई, एकच. एरिना शावा कुळाची, त्या कुळाच्या बायकांना चिहेरा म्हणतात, आणि चिहेरा अडून बसली की बैलाच्या जोडीनेही हलत नाही हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. टोबायस हळूहळू उठला. आता त्याला राग आला नव्हता, तो थकला होता. मग गाठोडं बांध, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

मैदेईने त्याच्या ओठांवरचा शब्द ओळखला. चार दिवस, फार तर सहा. मग पाणी भरेल, मग ही हट्ट करणारी बाई पुन्हा हरवेल आणि कोणाच्या तरी परक्या ओट्यावर ओल्या कपड्यांत, मेलेल्याशी बोलत बसलेली राहील. ती उठली. कोणी काही म्हणायच्या आत काठीपर्यंत गेली. तिच्या पाठीमागे झोपडीचं दार उघडं होतं, आणि सायमन तिथे उभा आहे याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. तिने डावी टाच उचलली, हिसक्याची वाट बघत डोळे घट्ट मिटले आणि पलीकडे पाऊल टाकलं.

कोणी धरलं नाही. ती वळली आणि परत अलीकडे आली. मग पुन्हा पलीकडे. कोणी नाही.

"ताई, खाली बस," टोबायस म्हणाला. "हे तुझं काम नाही."

"चिवीला मी अशीच ओलांडून गेले होते," मैदेई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "किलकाऱ्या झाल्या. सासू रडली. आणि टोबायस, त्या वर्षी मी गिरणीवाल्याकडे जात होते. आठ महिने जात होते. काठीने काही केलं नाही. मी दोषी, आणि मी ओलांडली. ही निर्दोष, आणि हिचे पाय उचलेनात. मग ही काठी काय बघते, मला सांग."

रांगेत नऊ विधवा बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही मान वर केली नाही. नुसत्या आपापल्या पायांकडे बघत राहिल्या, आणि हे पुरुषांच्या हळूहळू लक्षात आलं. टोबायसची सासू, ऐंशी उलटलेली, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून घेत होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, कोणी सांगावं.

टोबायसचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्याने विचारलं, "मग दुसऱ्याच्या बायकोसमोर काठी ठेवायचा अधिकार तुला कोणी दिला?"

"कोणी नाही," मैदेई म्हणाली. "म्हणून तर उचलतेय." तिने वाकून काठी उचलली.

"या घरच्या कार्यात यापुढे तू बसायचं नाहीस," टोबायस म्हणाला. "चिवीच्या लोकांनाही मी कळवणार. तुझी ती झोपडी त्यांच्या जमिनीवर आहे."

"कळव," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं की तो कळवेल, आणि ते तिला ठेवणार नाहीत. एकोणसत्तराव्या वर्षी तिच्याकडे आता घरही नव्हतं आणि मानही. गुडघे मात्र विलक्षण हलके वाटत होते.

टोबायस टोपी घालून अंगणाबाहेर गेला. गाठोड्याचं मात्र तो बोलला नाही. जाताना त्याने आपल्या बायकोला मानेने खूण केली, आणि ती झोपडीत ठेवलेले पांढरे कपडे घेऊन आली. बायकांनी गराडा घालून एरिनाचे काळे कपडे उतरवले. किलकारी कोणी मारली नाही. कोणाला मारावी ते कळत नव्हतं.

मैदेई काठी हातात धरून तशीच एका कडेला उभी होती. पांढऱ्या झग्यातली एरिना तिच्याकडे चालत आली. सगळी पावलं उचलून टाकत आली आणि समोर थांबून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वन्सं, ऑपरेशननंतर मला दिवसरात्र एक माणूस लागेल म्हणाली ना ती पोरगी?"

"हो."

"मग चला आत," एरिना म्हणाली. "तुम्हाला आता दुसरं काम तरी काय उरलंय?"